एकतीस वेळा हो

ऑफिसात तिला सगळे गाळणीबाई म्हणत, आणि पाठ फिरली की नुसतं गाळणी. तिला दोन्ही ठाऊक होतं. राग यायचं कारण नव्हतं, कारण कामच ते होतं. लोकसंख्येचा आणि आरोग्याचा अभ्यास करणारं ते केंद्र. त्याची माणसं दरवर्षी चाळीस हजार घरांत जाऊन विचारत: कोण जन्माला आलं, कोण गेलं, कशानं गेलं, कोण घर सोडून गेलं, कुणाला कसलं दुखणं आहे. ही माहिती वर्षानुवर्षं सांभाळायची आणि जगभरचे अभ्यासक मागतील तशी त्यांना द्यायची. मात्र देण्याआधी प्रत्येक फाईल गाळणीच्या टेबलावरून जायची. आकडे पुढे जायचे आणि माणसं मागे राहायची.

नाव, पत्ता, फोन नंबर तर शेंबडं पोरही पुसेल. खरी मेख पुढे आहे. बावन्न वर्षांची, जुळ्यांची आई, बस चालवणारी, अशी एक ओळ फाईलमध्ये राहिली तर नाव पुसून काय साधलं? अशी बाई सगळ्या भागात एकच असणार. शेजारणीनं फाईल उघडली की हिचं गर्भाशय कधी काढलं इथपासून सगळं तिला कळणार. म्हणून गाळणीचा नियम होता, पाचाचा. फाईलमधली कुठलीही ओळ एकटी दिसता कामा नये, तिच्यासारख्या दिसणाऱ्या निदान पाच असल्याच पाहिजेत. नसल्या तर वयाचं 'पन्नास ते साठ' करा, बस काढून नुसतं 'नोकरी' लिहा, जुळ्यांची 'दोन मुलं' करा. बाईला गर्दीत नेऊन उभी करा आणि मग खुशाल फाईल पाठवा.

तरुण अभ्यासक वैतागायचे. "बाई, तुम्ही सगळा रस काढून आम्हाला चोथा देता हो," म्हणायचे.

"चोथा खाऊन कुणी मेलेलं ऐकलं नाही मी," ती म्हणायची, आणि चष्मा नाकावर ढकलून पुढच्या ओळीला लागायची. अठरा वर्षांत तिच्या हातून एकही ओळ एकटी सुटली नव्हती.

घरी तिला मार होता. हे सरळ सांगून टाकलेलं बरं. सगळ्यांनी ते वीस वर्षं फिरवून फिरवून सांगितलं, आणि त्यातच निम्मा सत्यानाश झाला.

नवरा शाळेत खेळाचा शिक्षक. त्याला सगळी वस्ती सर म्हणायची, म्हणून आपणही सरच म्हणू. सर दारू पीत नसत. रस्त्यात कधी आवाज चढवत नसत. शेजारच्या म्हाताऱ्यांचे सिलिंडर तीन जिने चढवून द्यायचे आणि घोटभर पाणीही न घेता परतायचे. असा देवमाणूस शोधून सापडायचा नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोकांचं काय चुकलं? लोकांना सर जिन्यात भेटत होते. दुखापती बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यामुळे कुठे हाणलं की वळ कपड्याखाली राहतो, किती जोरानं पिरगाळलं की हाड मोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मारताना ते मोजायचे. मैदानावर मुलांना उठाबशा घालायला लावावं तसं, शांतपणे, एक, दोन, तीन. टॉवेल ओला राहिला, दहा. दार उघडायला उशीर झाला, पाच. कधी कधी कशाचंच काही नाही, तरी वीस.

एकदा हिशोब चुकला आणि हाड मोडलंच. जिन्यातून ढकललं, खांद्याचं हाड गेलं. सरांनीच तिला हातांवर उचलून दवाखान्यात नेलं. धाकटा दीर मागोमाग धावत आला. नर्सबाई सरांकडे बघून विरघळल्या. "किती जपतात हो तुम्हाला," म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "पाय घसरला," गाळणी म्हणाली. तसं कागदावर आलं. असे कागद नंतर बरेच झाले, आणि प्रत्येकावर तिचाच पाय घसरलेला होता.

सासूबाई आतल्या खोलीत असायच्या. कान शाबूत. बाहेर मोजणी सुरू झाली की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या, संपली की कमी करायच्या. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारीला ऐकू येत नाही. या म्हातारीचा राग धरावा की कीव करावी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांगणाऱ्याला तरी तिचा रागच येतो. राहिली मुलगी, बबडी. ती शाळेत पळण्यात पहिली यायची, बाबांची लाडकी. मोजणीच्या वेळी बबडीची खोली बंद असायची. बबडीला यातलं काही माहीत नाही, याच एका टेकूवर ते घर उभं होतं.

बबडी बारा वर्षांची होती त्या साली केंद्रानं घरातल्या मारहाणीची पाहणी काढली. या पाहणीचे कायदे कडक असतात. एका घरात एकाच बाईला विचारायचं, एकटीला, दार लावून. मध्येच कुणी आलं तर विचारणाऱ्या मुलीनं पटकन पिवळं पान काढायचं. त्या पानावर फळं आणि भाज्यांचे प्रश्न असतात. येणाऱ्याला वाटावं, आहाराची पाहणी चाललीय. ही पिवळ्या पानाची युक्ती मूळ गाळणीचीच. आणखी एक नियम असा की केंद्रात काम करणाऱ्यांची घरं निवडीतून वगळायची. पण गाळणीचं घर अजून कैलासवासी सासऱ्यांच्या नावावर होतं, त्यामुळे ते चाळणीतून निसटलं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. सर मैदानावर, सासूबाई डोळे दाखवायला, बबडी शिकवणीला. दारात कंत्राटावर घेतलेली एक नवी मुलगी उभी, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. तिनं गाळणीला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मुलीनं संमतीचा मजकूर वाचायला घेतला. "तुमचं नाव कुठेही येणार नाही, तुमचं बोलणं आम्ही कुणाला..." तो मजकूर गाळणीनंच लिहिलेला होता. आता सांगायला हवं होतं, अगं, मी केंद्रातलीच आहे, हे घर सोड. सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "बस. पाणी देऊ?"

एकेचाळीस प्रश्न होते.

"तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला कधी थोबाडीत मारलीय का, ताई?"

"हो."

"गेल्या बारा महिन्यांत?"

"हो."

"लाथ मारणं, ओढत नेणं, गळा दाबणं?"

"पहिलं हो. दुसरं हो. गळा एकदाच."

"एकदा म्हणजे हो," मुलगी म्हणाली आणि तिनं खाली बघून लिहिलं. ही पोर अशा किती घरांतून आली असेल, असं गाळणीच्या मनात आलं. चाळीस प्रश्नांपैकी एकतीसांना तिनं हो म्हटलं. एकेचाळिसावा प्रश्न वेगळा होता: तुमच्या मनात राहिलेली एक घटना तुमच्या शब्दांत सांगा. गाळणीनं इस्त्रीची सांगितली. रविवारी सकाळी ती सरांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. बाहीची घडी वाकडी आली. सरांनी तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली, तिला वळायला सांगितलं, ब्लाउज वर करायला सांगितला, आणि खांद्याखाली पाठीवर ठेवून तीनपर्यंत मोजलं. मग इस्त्री परत हातात दिली आणि म्हणाले, आता बाही कर. "आणि मी केली," गाळणी म्हणाली. "तेवढं लिही. मी ती बाही पुन्हा केली."

मुलगी लिहीत होती तोवर कुलपात किल्ली फिरली.

सर आत आले तेव्हा मुलगी पिवळं पान वाचत होती. "पालेभाजी आठवड्यातून किती वेळा होते, ताई?" सरांना विषय आवडला. बूट काढून ते समोर बसले. "लिही, रोज. आमच्याकडे आहाराच्या बाबतीत तडजोड नाही. मोड आलेली कडधान्यं, फळं, साखर बंद." दहा मिनिटं बोलले. मुलीनं सगळं उतरवून घेतलं. सर तिला फाटकापर्यंत सोडून आले आणि म्हणाले, "गुणी पोरगी आहे." गाळणी स्वयंपाकघरात नळ सोडून ओटा धरून उभी राहिली.

सात महिन्यांनी ती फाईल तिच्याच टेबलावर आली. तीन हजार दोनशे बायका. अकरा वाजता तिला तिची ओळ सापडली. स्वतःला असं आडवं, रकान्यांत मांडलेलं बघणं सोपं नसतं. तिनं आधी रीतीप्रमाणे काम केलं. वय 'चाळीस ते पन्नास' केलं, नोकरीची नुसती 'नोकरी' केली. अशा एकशे बारा निघाल्या. पण एक मुलगी, हाड मोडलं हो, भाजलं हो, अशा तीनच. पाचाला दोन कमी. आणि फाईलसाठी पहिला अर्ज कुणाचा होता? कॉलेजात आकडेशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या दिराचा. खांदा मोडला त्या दिवशी दवाखान्यात धावत आलेल्या त्याच दिराचा.

नियमानं दोन उत्तरं कोरी करून भागलं असतं. पण भीती मापात राहत नाही. कोऱ्या जागेकडे माणसाचं लक्ष जातं, हे तिला पंधरा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. फाईलमधली सगळ्यात मोठी गर्दी कोणती? ज्यांनी सगळ्याला नाही म्हटलं अशा बायकांची. हजार होत्या चांगल्या. गाळणी त्या गर्दीत शिरली. एकेक करून एकतीस होकारांचे तिनं नकार केले आणि एकेचाळिसावं उत्तर पुसून टाकलं. प्रत्येक बदलाला कॉम्प्युटर कारण विचारायचा. तिनं बत्तीस वेळा लिहिलं, 'चुकीची नोंद'.

तिच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. लपवणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं, हे ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. पुढच्या आठवड्यात, बायकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे, मूळ फाईल कायमची नष्ट करायची होती. तिनं आणि केंद्राच्या मुख्य मॅडमनी मिळून ती नष्ट केली, दोघींनी सह्या केल्या. उरलेली फाईल जगभर गेली. तिच्यात एक नोकरी करणारी बाई होती, जिच्या अंगाला नवऱ्यानं कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी गाळणी पोटभर जेवली.

मार चालूच राहिला. पुढची तीन वर्षं एका ओळीत सांगता येतात, कारण त्यांत नवीन काही नव्हतं. नवीन घडलं ते एका रविवारी सकाळी.

बबडी आदल्या दिवशी शर्यतीत चौथी आली होती. गाळणी स्वयंपाकघरात होती. गच्चीवरून सरांचा आवाज आला, चार, पाच, सहा. गाळणीच्या पाठीनं तो आवाज कानांच्या आधी ओळखला. पण पाठीवर काहीच पडलं नाही. ती गच्चीत गेली. बबडी भिंतीला हात टेकून उभी होती आणि सर दोरीच्या उड्यांच्या दोरीची लाकडी मूठ तिच्या पोटऱ्यांवर मारत होते. सात. बबडीच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. पहिल्यांदाच मार खाणारं पोर असं गप्प उभं राहत नसतं. हे कळायला गाळणीला आठ आकडा यावा लागला. नऊच्या आधी तिनं दाराशी असलेलं लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि सरांच्या डोक्यात घातलं. सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. तिनं दुसऱ्यांदा घातलं. कातडी फाटून कानावर लोंबली, रक्त डोळ्यांत गेलं, आणि सर लहान मुलासारखे फतकल मारून खाली बसले. तिसऱ्यांदा स्टूल उचललं तेव्हा बबडी मध्ये आली. नसती आली तर ही गोष्ट वेगळ्या कोर्टात संपली असती.

त्या दिवशी सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि "खून, खून" म्हणून साऱ्या जिन्यात बोंब ठोकली. माणसं धावली. पोलीस आले. सरांना अकरा टाके पडले आणि डॉक्टरांचा कागद मिळाला, खराखुरा, स्वच्छ अक्षरात: डोक्यावर जड वस्तूचे दोन वार. वीस वर्षांत त्या घरातून निघालेला तो पहिला खरा कागद. गाळणी दोन दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटली आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेली. सरांनी घटस्फोटाचा अर्ज केला. बायको हिंसक आहे, मुलीच्या जिवाला धोका आहे, मुलगी माझ्याकडे राहू द्यावी. बबडीनं सुंदर अक्षरात जबाब लिहून दिला: आईने बाबांना मारले. बाबा कोणाला मारत नाहीत.

दर शनिवारी कोर्टातल्या एका खोलीत अर्धा तास आई आणि मुलगी भेटायच्या, सासूबाई शेजारी ठाण मांडून. बबडी अभ्यासाचं सांगायची. उकाडा मरणाचा, आणि बबडीच्या पायांत गुडघ्यापर्यंत मोजे.

"मोजे काढ ना, बाळा."

"नको. बरं वाटतं."

मुलगी घरी आणता येत नव्हती; गाळणी अर्धा तास तिच्या मोज्यांकडे बघत राहायची. चार महिने असेच गेले. कोर्टानं मुलगी सरांना दिली असती तर अठराव्या वर्षापर्यंत ती त्या घरात राहणार होती, आणि आता सरांना मोजायला तिच्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

वकीलबाईंनी कागद पसरले आणि कपाळाला हात लावला. "दवाखान्याचे सात कागद, सातही ठिकाणी तुम्ही स्वतः घसरलात. शेजारी म्हणतात, सर म्हणजे देव. अहो, वीस वर्षांत एकदा तरी, एका माणसाला तरी सांगितलंत का तुम्ही?"

"एकदा," गाळणी म्हणाली.

तिनं पाहणीचं सांगितलं. वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. भांडणाच्या तीन वर्षं आधी, परक्या मुलीला, तारखेसकट! मग गाळणीनं पुढचं सांगितलं, आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

"म्हणजे तो कागद आज मागवला तर त्यावर काय असेल?"

"नवरा मारत नाही, असं असेल."

"मग तो समोरच्या वकिलाला मिळाला तर आपलं झालंच कल्याण. मूळ फाईल?"

"मीच नष्ट केली." मग ती थांबली. डोक्यात काहीतरी हललं. बदलांची नोंद. फाईलमध्ये केलेला प्रत्येक बदल कॉम्प्युटर वेगळ्या वहीत टिपून ठेवायचा: कुणी केला, कधी केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. ही वही म्हणजे केंद्राच्या शिस्तीचा पुरावा, म्हणून ती वर्षानुवर्षं जपलेली. ज्या बायकांची ओळख गाळली त्या सगळ्यांचं मूळ उत्तर त्या वहीत जसंच्या तसं पडून आहे, हे आजवर एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. गाळणीच्याही नाही. फाईल जाळायची आणि बदलांच्या वहीत तिची नक्कल ठेवायची, असला वेंधळेपणा फक्त फार काटेकोर माणसांनाच जमतो.

मुख्य मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. एकदा उठून दार लावलं, परत येऊन बसल्या.

"तू आकडे बदललेस."

"हो."

"आणि आता मी ते कोर्टात जाऊन सांगू? अगं, अठरा वर्षांच्या फाईली परत मागवाव्या लागतील. जगात कोण विश्वास ठेवेल आपल्यावर? आणि ते सोड. त्या वहीत तीन हजार बायका आहेत. आज तुझी पानं बाहेर आली, तर उद्या प्रत्येक नवऱ्याचा वकील येऊन दारात उभा राहील. तुलाच हे सांगावं लागतंय मला?"

यातला शब्दन् शब्द खरा होता. गाळणीच्या जागी दुसरी कुणी असती तर गाळणीनंही तिला हेच सुनावलं असतं. तिनं पर्समधून दोन कागद काढले. पहिल्यावर लिहिलं होतं, की पाहणीत उत्तर देणारी बाई म्हणून माझ्या स्वतःच्या, फक्त माझ्याच, ओळी कोर्टाला द्यायला माझी संमती आहे. दुसरा राजीनामा होता, कारणासकट.

"बाकीच्यांची वही तुम्ही आजच जाळा," ती म्हणाली. "माझ्या बत्तीस ओळी तेवढ्या आधी काढा. मॅडम, तो तिला मारतोय. आत्ता, आपण इथे बसलोय तेव्हा मारत असेल."

मॅडमनी दोन्ही कागद वाचले, शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी राजीनामा आधी उचलला, आणि गाळणीला वाईट वाटलं ते याचंच.

कोर्टात न्यायाधीश एक बाई होत्या, गुडघे दुखत असल्यासारख्या सारख्या पाय हलवणाऱ्या. मॅडमनी शपथेवर ओळी दाखल केल्या. सरांचे वकील गोड हसले. "कारणाचा रकाना बघावा, मॅडम. 'चुकीची नोंद'. बाई स्वतः म्हणतायत की हे सगळे होकार चुकीचे होते. अठरा वर्षांच्या जाणकार बाई आहेत. आमचं यापरतं म्हणणं काय?" सर मागे बसले होते, डोक्यावरच्या व्रणाशेजारी केस नीट बसवून. त्यांच्या शेजारी बबडी, आणि बबडीच्या पाठीवर हात ठेवून सासूबाई.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून गाळणीकडे पाहिलं. "एक सांगा. तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"कशावरून मानू मी?"

आयुष्यभर तिनं हेच तर केलं होतं, कुणाला काही सिद्ध करता येऊ नये अशी व्यवस्था. न्यायाधीशबाईंनी सुस्कारा टाकला आणि कारकुनाला सांगितलं, सगळं वाचा, ओळीनं, नोंदीवर घ्यायचंय.

कारकून वाचू लागला. त्याला सर्दी झाली होती. "प्रश्न एक. पतीनं थोबाडीत मारली आहे का. आधी हो, नंतर नाही. प्रश्न दोन. केस धरून ओढलं आहे का. आधी हो, नंतर नाही." तो बाजारभाव वाचल्यासारखा वाचत होता. चौथा, पाचवा, सातवा. "प्रश्न आठ. लाथ मारली आहे का."

"हो," मागून आवाज आला.

कारकून थांबला. सगळ्यांनी वळून पाहिलं. बबडी उभी होती. तिलाही आपण उभ्या आहोत हे आत्ताच कळलेलं दिसत होतं.

"वाचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"प्रश्न नऊ. पट्टा, काठी किंवा..."

"हो."

"बबडे," सर म्हणाले.

नुसतं तेवढंच. आवाज चढवला नाही, जागचे हलले नाहीत. मैदानावर शिट्टीच्या आधी म्हणतात तसं म्हणाले. आणि पंधरा वर्षांची ती उंच पोरगी भर कोर्टात मटकन खाली वाकली, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर घट्ट, आणि तशीच वाट बघत राहिली. शिपाई दारातून दोन पावलं पुढे आला होता. सासूबाईंनी पाठीवरचा हात काढून मांडीवर घेतला. सर पहिल्यांदाच इकडेतिकडे बघू लागले, जिन्यातले लोक कुठे गेले हे शोधत असल्यासारखे.

"वाचत राहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचे पाय हलायचे थांबले होते.

कारकून वाचत राहिला, आणि दर ओळीला त्याच्या आधी, कोपरांच्या आतून, दबका आवाज येत राहिला. हो. हो. हो. हाड मोडलं आहे का. हो. गळा दाबला आहे का. हो. त्यातलं एकही उत्तर चुकलं नाही. शेवटी कारकुनानं इस्त्रीची हकिगत वाचली, बाही पुन्हा केली तिथपर्यंत. मग त्यानं रुमाल काढून नाक पुसलं आणि कागद खाली ठेवला.

हुकूम त्याच दुपारी झाला. मुलगी आईकडे, आजच्या आज. मुलीची डॉक्टरी तपासणी. सरांनी दोघींच्या जवळपास फिरकायचं नाही. स्टुलाचा खटला वेगळा चालायचा होता आणि त्यात गाळणीला शिक्षा होणार हे वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं. केंद्रानं फाईल परत मागवल्याचं पत्र जगभर पाठवलं. पत्रात गाळणीचं पूर्ण नाव होतं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. वकीलबाई कागदांच्या नकला आणायला गेल्या होत्या. बबडीनं वाकून मोजे उतरवले. पोटऱ्यांवर जुने पिवळे, नवे निळे वळ होते, एकावर एक, आणि डाव्या पायावर एक जागा चिघळलेली. गाळणीनं हात पुढे केला. बबडीनं पाय मागे घेतला नाही, पण ती त्या हाताकडे बघतही नव्हती.

"आई," ती म्हणाली, "अडतिसावा प्रश्न होता ना."

गाळणीला कुठला ते विचारावं लागलं नाही.

"हे मुलांनी पाहिलं आहे का, असा," बबडी म्हणाली. "त्याला तू आधी हो म्हणाली होतीस. मी बारा वर्षांची असताना."

"हो."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं. मी दाराच्या फटीतून बघते ते."

या प्रश्नाची गाळणीकडे दहा उत्तरं होती. मला वाटलं तू विसरशील. मला वाटलं मी न बोलले तर ते खरं राहणार नाही. मी तरी काय करणार होते. यातलं प्रत्येक उत्तर बाईला गर्दीत नेऊन उभं करणारं होतं, आणि तिला त्यांची लाज वाटली.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

बबडीनं मान हलवली. मग ती बाकावर हातभर लांब सरकून बसली, आणि वकीलबाई येईपर्यंत तिथेच बसून राहिली.